तीन ट्रंका लोकर

पत्राचा सारांश

कोथरूडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वय 63, बँकेतून निवृत्त. नवव्या वर्षी आत्यानं हातात क्रोशाची सुई दिली, तेव्हापासून हात रिकामा राहिलेला नाही. क्रोशे, दोन सुयांवरचं विणकाम, भरतकाम, अलीकडे गोधड्या. बँकेत जेवणाच्या सुट्टीत विणलं, पीएमटीच्या बसमध्ये विणलं, सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या बाकावर रात्ररात्र विणलं. आता सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. दोन महिन्यांत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये जायचंय, आणि घरात तीन ट्रंका लोकर-दोरे, शिवाय दिवाणाखाली अर्धवट कामं. यजमान म्हणतात, एखाद्या संस्थेला देऊन मोकळी हो. मुलगा म्हणतो, आई, इन्स्टाग्रामवर पेज काढू, ब्रँड करू. मध्यंतरी बाणेरला मुलाकडे गेल्या असताना चार महिन्यांच्या नातवाच्या कपाटात त्यांना स्वतः विणलेले पाच स्वेटर दिसले. दिले होते त्याच पिशवीत, डांबरगोळ्यांसकट, घडीही न मोडलेले. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. शेजारच्या बाई सहज म्हणून गेल्या की मॉलमध्ये 300 रुपयांत स्वेटर मिळतो. हल्ली अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, असंही ओझरतं लिहिलंय. त्यांचा प्रश्न : "अर्ध्या शतकाहून जास्त काळ मी यात घातला. तो वाया गेला का? या वयात व्यवसाय सुरू करू, की सगळं देऊन टाकून हा नादच सोडू?"

उत्तर

ताई,

तुम्ही दोन पर्याय पुढे ठेवलेत आणि त्यातला एक निवडून द्या म्हणता. पण पुनर्विकास, ट्रंका, वन बीएचके हे सगळं तुमच्या पत्रात पाच-सहा ओळींत उरकलंय. उरलेली दोन पानं बाणेरच्या त्या कपाटाबद्दल आहेत. घर रिकामं करायचं नसतं तरी हे पत्र तुम्ही कधी ना कधी लिहिलंच असतं, असं मला वाटतं. म्हणून ट्रंका जरा बाजूला ठेवू आणि आधी ते कपाट उघडू.

"सुनेनं एकदाही घातला नाही," असं तुम्ही लिहिलंय. का घातला नाही, हे तिला विचारलंत का? पत्रात तरी तसं काही नाही. तुम्ही पिशवी पाहिली, दार लावलं, चहा घेतला आणि घरी आलात. तेव्हापासून मनातल्या मनात निकाल लागून गेलाय की सुनेला हातच्या कामाची किंमत नाही. असेलही तसं. पण मला दुसरी चार कारणं दिसतात, आणि त्यातली दोन तर तुमच्या माझ्यासारख्यांना चटकन सुचतही नाहीत.

पहिलं कारण डांबरगोळ्या. लोकर म्हटली की डांबरगोळी, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. पण डांबरगोळीतल्या नॅप्थलीनमुळे काही नवजात बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर (एन्झाइम) ज्यांच्यात जन्मतः कमी असतं, अशी ही बाळं. आपलं बाळ त्यांतलं आहे की नाही, हे बहुतेक आईबापांना ठाऊकच नसतं. म्हणून अनेक बालरोगतज्ज्ञ बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवू नका म्हणून बजावतात. तुमच्या सुनेला डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल आणि सासूनं प्रेमानं बांधून दिलेली पिशवी उघडल्यावर तो वास आला असेल, तर ती काय करणार? तुम्हाला सांगायचं धाडस नाही, वापरायची हिंमत नाही. पिशवी जशीच्या तशी कपाटात. हेच घडलं असेल असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण घडलं नसेल असं तरी तुम्ही कशावरून म्हणता?

दुसरं कारण धुणं. अस्सल लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आकसून नमद्यासारखा घट्ट होतो. म्हणजे तो हातानं, कोमट पाण्यात, न पिळता धुवायचा आणि आडवा पसरून वाळवायचा. बाळ दिवसाला तीनदा दूध ओकतंय, आईची रजा संपत आलीये, मशीन दिवसातून दोनदा लागतंय. त्या घरात तुमचा स्वेटर घालणं म्हणजे अंगावर एक जास्तीचं काम ओढून घेणं.

तिसरं कारण पुण्याची थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास जातो हे खरं, पण अकरा वाजता आपण पंखा लावायला लागतो. पूर्ण बाह्यांचा, गळाबंद, लोकरीचा स्वेटर ज्या बाळाला खरंच लागावा असे दिवस एका हिवाळ्यात बोटांवर मोजण्याइतके.

आणि चौथं कारण म्हणजे कदाचित तिला तो फार आवडलाय. तुमच्या लग्नातला शालू तुम्ही किती वेळा नेसलात? आवडत नव्हता म्हणून तो कपाटात राहिला का?

तेव्हा फोन करा, आणि कपाट पाहिल्याचं आडून न सुचवता सरळ विचारा. "अगं, त्या स्वेटरना मी डांबरगोळ्या घातल्या होत्या, बाळाला ते चालत नाही असं आत्ता वाचलं. ते मला परत दे, मी धुऊन, उन्हात घालून आणते. आणि खरं सांग, तुला रोजच्या वापराला काय उपयोगी पडेल?" यात कुणावर आरोप नाही, आणि तिला खरं बोलायला वाट मिळते. ती कदाचित म्हणेल, सुती दोऱ्याचं, बिनबाह्यांचं, समोर उघडणारं जाकीट हवं. डोक्यातून घालायचं नको, मशीनमध्ये टाकता येईल असं हवं. किंवा म्हणेल, आई, मला काहीच नको, पण माझ्या लॅपटॉपला एक पिशवी करून द्या. दोन्ही उत्तरं कामाची आहेत. बाळासाठी करणारच असाल तर एवढं पाळा : गोंडे नकोत, ओढून निघतील अशी बटणं नकोत, आणि ज्यात चिमुकली बोटं अडकतील अशी मोठ्या भोकांची जाळी नको. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात सैल पांघरूणही ठेवू नका असं डॉक्टर सांगतात. त्यामुळे ती सुंदर जाळीची दुलई झोपेत पांघरायला नको. दुपारी मांडीवर घेताना खुशाल वापरा.

विणणाऱ्या सगळ्याच मंडळींना एक गोष्ट जरा खडसावून सांगायची आहे. न विचारता दिलेली हातची वस्तू घेणाऱ्यावर ओझं टाकते. ती टाकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, आणि वापरली नाही तर अपराधी वाटतं. विणताना तुम्हाला मिळालेला आनंद तुम्ही आधीच घेऊन झालेला असता. वर समोरच्यानं ती वापरून दाखवावी हा हिशेब तुम्ही परस्पर मांडता. सुया हातात घेण्याआधी "करू का?" एवढं विचारायला हरकत कसली?

आता मुलाची सूचना. त्याचं मन चांगलं आहे. हल्लीच्या मुलांना आईचं कौतुक करायचं म्हणजे तिला पेज काढून द्यायचं, एवढंच सुचतं. पण पेज काढायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा.

मध्यम आकाराची, ताटाभोवतीची क्रोशाची महिरप धरू. दोरा 300 रुपयांचा. तुमच्यासारख्या सरावलेल्या हातालाही 20 तास तरी लागतात. ताशी 100 रुपये मजुरी धरली, आणि ही काही फार मोठी मजुरी नव्हे, तर 2300 रुपये झाले. यात कडक करायची खळ, इस्त्री, पॅकिंग, कुरिअर, प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं काहीच धरलेलं नाही. मोठ्या माणसाचा स्वेटर घ्या : अर्धा किलो लोकर आणि 40-50 तास. म्हणजे लोकर सोडून नुसती मजुरी 4000 ते 5000. आता यातलं काय तुम्ही खरोखर मागाल? मला माहीत आहे तुम्ही काय कराल. समोरची बाई "अय्या, किती महाग" म्हणाली की तुम्ही लगेच "बरं, दोरा तेवढा द्या" म्हणाल.

शेजारच्या बाईंचा 300 रुपयांचा स्वेटर या हिशेबात आणूच नका. इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं मोजे विणायची चौकट 1589 मध्ये बनवली. म्हणजे विणकामाच्या यंत्राला सव्वाचारशे वर्षं होऊन गेली, आणि आज एखादा स्वेटर यंत्रातून काही मिनिटांत बाहेर पडतो. त्याच्याशी कुठल्याच हातानं स्पर्धा करायची नसते. क्रोशाची गोष्ट मात्र निराळी. बाजारात क्रोशासारखी दिसणारी यंत्राची लेस भरपूर मिळते, पण तिची वीण वेगळी असते. एकेक फास ओढून केलेले साखळी, मुका खांब, खांब हे क्रोशाचे टाके अजूनही माणसाच्याच हातून होतात. जिथे कुठे खरं क्रोशे स्वस्तात विकलं जातंय, तिथे कुणाच्या तरी हातांना कमी पैसे मिळालेत असं खुशाल समजा.

याच कारणानं स्वस्तात विकणं मला पटत नाही. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, त्यात शिवणकाम-हस्तकाम शिकवलं जाई ते विरंगुळा म्हणून नव्हे. नवरा नाही, माहेर नाही, शिक्षण नाही अशा बाईला चार पैसे मिळवता यावेत म्हणून. आजही या शहरात गोधड्या शिवून, महिरपी विणून, फॉल-पिको करून घर चालवणाऱ्या बायका आहेत. तुम्हाला पेन्शन आहे. तुम्ही हौसेनं 500 रुपयांत महिरप द्यायला लागलात, तर जिचं रेशन त्यावर येतं तिचा भाव पडतो. म्हणून विकायचं असेल तर पूर्ण भावानं विका, नाहीतर प्रेमानं फुकट द्या. मधल्या गोष्टीनं कुणाचंच भलं होत नाही.

तरीही मनात खुमखुमी असेल तर पेज-ब्रँड सोडा, ओळखीतल्या तिघांकडून पूर्ण भावाची ऑर्डर घ्या. तिसऱ्या ऑर्डरच्या वेळी तुमच्या लक्षात येईल की हे तुम्हाला झेपतंय की नाही. कारण धंदा म्हणजे मनाला येईल ते विणणं नव्हे. मुंजीत द्यायला एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या 60 पिशव्या हव्यात, त्याही येत्या गुरुवारी. तुमच्या अंगठ्याचा विचार करता तर मी सरळ नको म्हणेन. ते मुळाशी दुखणं अंगावर काढू नका, एकदा डॉक्टरांना दाखवा. तोवर जड काम गोल सुईवर, म्हणजे लवचिक तारेनं जोडलेल्या दोन सुयांवर घ्या, वजन मांडीवर पेललं जातं आणि मनगटावर येत नाही. अर्ध्या तासानं उठा. काळी लोकर रात्री विणू नका.

यजमानांचा पर्याय : देऊन टाक. यात घाई नडते. न निवडलेली ट्रंक संस्थेच्या दारात ठेवणं म्हणजे आपला पसारा दुसऱ्याच्या घरात हलवणं. आधी निवडा. लेबलं गेलेले गुंडे कशाचे आहेत हे ओळखायला जुनी युक्ती आहे. वीतभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा, शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरगळली की अस्सल लोकर. वितळून कडक मणी झाला की अॅक्रिलिक. कागद जळल्याचा वास, मऊ करडी राख म्हणजे सूत. दोन्ही लक्षणं एकदम दिसली तर मिश्रण. गेल्या काही दशकांत आपण तुळशीबागेतून "लोकर" म्हणून आणलेल्यातलं किती अॅक्रिलिक निघतं ते पाहून तुम्हाला मौज वाटेल. मलाही वाटली होती. पण त्याची खंत करू नका. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, ते मशीनमध्ये धुता येतं, शाळेतल्या पोरांना कार्यानुभवाला द्यायला उत्तम. कसर खाते ती अस्सल लोकर. सूत तिला आवडत नाही. तेव्हा जपायची ती लोकरच. धुऊन, खडखडीत वाळवून, हवाबंद पिशवीत घाला. शंका असेल तर ती पिशवी पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात आणि डांबरगोळी लागत नाही.

रंगाचे एकेकटे गुंडे, ज्यांच्या लॉटचं, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या धाग्यातलं, दुसरं कधीच मिळणार नाही, ते आधी बाहेर काढा. पुरेसं वजन एका लॉटचं असेल तेवढंच ठेवा. आपल्यापैकी प्रत्येकीकडे "कधीतरी होईल" म्हणून ठेवलेले दीडशे ग्रॅम असतात आणि त्या दीडशे ग्रॅमचं कधीच काही होत नाही. दिवाणाखालची अर्धवट कामं उघडून बघा. जे पाहून हात शिवशिवतात ते ठेवा. बाकीचं उसवा, लडी करा, कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. धाग्यातल्या लाटा जातात आणि तो पुन्हा नव्यासारखा होतो. उसवायला जीव होत नसेल, तर ते कुणासाठी घातलं होतं हे स्वतःला विचारा. काही वेळा ते माणूसच आता नसतं. मग तो तुकडा तसाच ठेवा, त्याला फारशी जागा लागत नाही.

द्यायचं ते विचारून द्या. वृद्धाश्रमाला फोन करून विचारा. गुडघ्यावर घ्यायच्या छोट्या शाली हव्या असतात की पायमोजे? की त्यांना खरं तर विणता येणाऱ्या आज्यांसाठी लोकर-सुयाच हव्या आहेत? नवजात बालकांच्या विभागाला टोप्या द्यायच्या असतील तर माप, धागा आणि धुण्याची अट त्यांच्याकडूनच घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न : वाया गेलं का?

बाजीराव रस्त्यावर राजा केळकर संग्रहालय आहे. तुम्ही शाळेच्या सहलीत गेला असाल, मुलाला घेऊनही गेला असाल. एकदा एकट्या जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वाद्यं, वस्त्रं, रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रह उभा केला. त्यातलं भरतकाम जवळून बघा. ज्या हातांनी ते केलं त्यांची नावं तिथे नाहीत, कारण कुणी लिहून ठेवलीच नाहीत. घोंगडी विणणारे सणगर किंवा पैठणीच्या मागावर बसणारे कारागीर यांना आपण कारागीर म्हणतो, आणि मागावर परंपरेनं बसत आले ते बहुतांशी पुरुष. तेच कसब घरातल्या बाईनं खुर्चीत बसून दाखवलं की त्याला म्हणायचं विरंगुळा. रुखवतात मांडलेल्या रुमालांकडे पाहून "मुलगी हुशार आहे हो" म्हणत मुलीला जोखणाऱ्या समाजानंच लग्नानंतर तिला "किती वेळ घालवतेस" म्हणायचं, हे आपल्याकडे कुणाला खटकतही नाही. तुमच्या मनात जे "वाया" आलंय, ते तुमचं स्वतःचं नाही. ते बाहेरून आत आलेलं आहे.

तुमच्याच पत्रातली एक गोष्ट. सासूबाईंच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर तुम्ही शाल विणलीत, हे तुम्ही आठ ओळींत लिहिलंय. रंग लिहिलाय, नमुना लिहिलाय, सुलट-उलट टाक्यांचा हिशेब चुकला की नर्सबाई कशा हसायच्या ते लिहिलंय. पण ती शाल पुढे कुणाला दिलीत, ती आज कुठे आहे, याबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं तुम्हाला ते आठवतही नसावं, आणि त्यानं काही बिघडत नाही. त्या रात्री तुम्हाला शाल नको होती, हाताला काम हवं होतं. ते मिळालं आणि तुम्ही सकाळी उठून पुन्हा बँकेत जाऊ शकलात. मग बाणेरच्या कपाटातल्या पाच स्वेटरांचा हिशेब फक्त त्यांच्या घड्या मोडल्या की नाहीत यावर कसा होईल?

असं असलं तरी "मला दिसावं, कुणीतरी बघावं" ही इच्छाही खोटी नाही आणि तिला नाकारायचं कारण नाही. जे काम ठेवणार आहात, त्याच्या आतल्या बाजूला कापडाची छोटी पट्टी शिवा. नाव, वर्ष, धागा कशाचा, कसं धुवायचं. भरतकामवालीला नाव टाक्यांतच लिहिता येतं, पुरुष वाचकांनो, तुम्हालाही. (मागे एका गृहस्थांनी लिहिलं होतं की ते बेडरूमचं दार लावून क्रोशे करतात. दार उघडा, महाराज.) नमुन्यांच्या जुन्या वह्या मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक नमुन्याची वीतभर पट्टी करून वहीला टाचली तर फारच उत्तम; लिहिलेल्या खुणा दुसऱ्याला कळत नाहीत, पट्टी कळते.

"माझ्यानंतर कोण," असंही तुम्ही विचारलंय. नातवंडांकडे बघू नका, ती आपल्या वेळेला आपल्या वाटेनं येतील किंवा येणार नाहीत. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पंचविशीतल्या कितीतरी मुली यूट्यूबवर बघून क्रोशाची जपानी पद्धतीची बाहुली, अमिगुरुमी, करायला लागल्यात. तुम्ही त्या बाहुल्यांना पत्रात नाक मुरडलंय, पण त्या मुलींना सुई धरता येते, दोरा ताणता येतो. त्यांना येत नाही ते एकच : चुकलेलं दुरुस्त करणं. निसटलेला टाका क्रोशाच्या सुईनं पंधरा ओळी खालून वर कसा उचलून आणायचा, बाही कुठल्या ओळीपासून बिघडली हे नुसत्या बोटांनी चाचपून कसं ओळखायचं, हे व्हिडिओ दाखवत नाही, कारण व्हिडिओतलं काम चुकलेलंच नसतं. त्यासाठी शेजारी बसलेलं माणूस लागतं. थोरात उद्यानात रविवारी सकाळी तासभर बसा, "अडलेलं विणकाम घेऊन या" एवढा निरोप सोसायट्यांच्या ग्रुपवर टाका. फी लावू नका, वर्गाचं नावही देऊ नका. चार जणी आल्या तर तुमच्या ट्रंकेतले एकेकटे गुंडेही मार्गी लागतील, सुट्टे रंग बाहुल्यांनाच लागतात.

नाद सोडायच्या गोष्टीबद्दल मी काही बोललोच नाही, कारण तुम्ही तो सोडणार नाही आहात. प्रश्न तीन वर्षं वन बीएचकेमध्ये तो कसा चालवायचा एवढाच आहे. जागेची सबब सांगणाऱ्यांना येरवड्याचा चरखा आठवून द्यावा. 1930 च्या आसपास गांधीजी येरवडा तुरुंगात असताना, बंद केला की पेटी होऊन काखेत मारता येईल असा चरखा तिथे आकाराला आला आणि त्याला येरवडा चक्र असंच नाव पडलं. तुरुंगाच्या खोलीत बसेल एवढं यंत्र असू शकतं, तर तुमच्या दिवाणाच्या एका कप्प्यात एका वर्षाचं काम नक्की बसेल. एक ट्रंक सोबत न्या. दुसरीतलं निवडून संपवा किंवा वाटा. तिसरी बाणेरला ठेवता येईल का, हे मुलाला विचारा; ब्रँड करायला निघालाय, एवढी जागा तरी त्यानं द्यावी.

आणि शेवटचं काम ताबडतोब करायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे पार्किंग आणि कार्पेट एरियावर भांडत असतील. भांडू दे. तुम्ही तुमच्या फ्लॅटचा नकाशा मागून घ्या आणि कुठल्या खोलीत पूर्वेचा किंवा उत्तरेचा उजेड येतो ते बघा. तिथे खिडकीशी खुर्चीपुरती जागा, खुर्चीच्या डाव्या हाताला दिव्यासाठी एक प्लग पॉइंट आणि मागे भिंतीतलं दोन फूट खोल कपाट, हे प्लॅन पक्का व्हायच्या आत आर्किटेक्टला लेखी कळवा. उजव्या हातानं विणता म्हणून डाव्या बाजूला सांगतोय; डावखुऱ्या असाल तर उलटं करा. कपाट कशासाठी म्हणून विचारलं तर "स्टोअरेज" वगैरे गुळमुळीत लिहू नका, "विणकामाचं कपाट" असंच लिहा.